पित्ताच्या पिशवीचं दुर्बिणीतून ऑपरेशन: कुणाचं सोपं जातं, कुणाचं अवघड आणि का

आपल्याकडं ‘पित्त’ हा एकच शब्द दोन वेगळ्या दुखण्यांना वापरतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला, डोकं चढलं की लोक म्हणतात पित्त झालं. ते झालं पोटातल्या आम्लाचं दुखणं. पण उजव्या बरगडीच्या आड, यकृताच्या खालच्या अंगाला, लहान वांग्याच्या आकाराची एक पिशवी असते. तिच्यात साठतं ते हिरवट-पिवळं पित्त निराळं. या पिशवीत खडे होऊन कळ आली तरी माणूस मेडिकलवरून पित्ताची गोळी आणतो. दोन-तीन तासांनी कळ आपोआप ओसरते, गुण गोळीला जातो आणि गाडी पुढं चालते.

अशी दोन-तीन वर्षं निघून जातात. प्रत्येक कळेला पिशवी थोडी सुजते, भोवती चिकटते. शेवटी ‘दुर्बिणीचं साधं ऑपरेशन, उद्या घरी’ असं ऐकून माणूस टेबलावर जातो आणि आत पाऊण तासाचं काम तीन तास चालतं. कधी पोट उघडावं लागतं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांत कुजबुज सुरू होते की डॉक्टरनं काहीतरी बिघडवलं. तसं कधी घडतही असेल. पण बहुतेक वेळा अवघडपणा डॉक्टरच्या हातात नसून पिशवीत असतो, आणि तो किती आहे यावरच पुढचं पुष्कळ ठरतं.

खडे कुठं अडतात

यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पिशवीत त्यातलं जेमतेम ३० ते ५० मिली मावतं. तिथं ते आटून घट्ट होतं आणि तेलकट-तुपकट खाल्लं की पिशवी आवळून ते आतड्यात सोडते. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की आवळण्याची जी कळ येते ती उजव्या बरगडीखाली किंवा वरच्या पोटात मधोमध, आणि पुष्कळदा पाठीत नाहीतर उजव्या खांद्यापर्यंत जाते. लग्नातलं जेवण करून आल्यावर रात्री बारा-एकला उठवणारी कळ बऱ्याचदा हीच असते.

मुतखड्याची कळ वेगळी. ती कमरेच्या बाजूनं सुरू होऊन जांघेकडं उतरते. गावात दोन्ही दुखण्यांवर कुळथाचं पाणी आणि पानफुटीचा पाला दिला जातो. भरपूर पाणी प्यायल्यानं मुतखड्याला मदत होते, कारण ते पाणी किडनीतून लघवीवाटे बाहेर पडतं. पित्ताच्या पिशवीतून ते वाहतच नाही, त्यामुळं तिथले खडे त्यानं पडत नाहीत. लिंबाचा रस आणि तेल पिऊन खडे पाडल्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. संडासात दिसणारे ते हिरवे मऊ गोळे म्हणजे तेलाचाच आतड्यात झालेला साबण असतो, खडे पिशवीत होते तिथंच राहतात.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, अशांना सहसा ऑपरेशनची गरज नसते. त्रास नसलेल्या शंभर जणांत वर्षाला साधारण दोन-तीन जणांनाच त्रास सुरू होतो, बरेच जण खडे घेऊनच आयुष्य काढतात. मोठा कोंब, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक होणं अशी काही कारणं असतील तर गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टरांनी कारण सांगून समजावायला हवी. ‘फुटेल, लगेच काढा’ एवढंच कुणी सांगत असेल तर दुसऱ्या सर्जनला कागद दाखवण्यात गैर काही नाही.

ऑपरेशनमध्ये काय होतं

पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा होते. एका नळीतून कॅमेरा, बाकी छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं. साधारण चार छिद्रं असतात. सर्जन पोटात न बघता टीव्हीच्या पडद्यावर बघून काम करतो.

पिशवीला दोनच गोष्टी जोडलेल्या असतात, पित्ताची एक बारीक नळी आणि रक्ताची एक बारीक धमनी. त्या दोन्हींना क्लिप मारून कापायचं, पिशवी यकृतापासून सोडवायची आणि बाहेर काढायची. ऐकायला सोपं आहे. पण या बारीक नळीला लागूनच यकृताकडून आतड्याकडं जाणारी मुख्य पित्तनळी असते. सगळं सुजलेलं, चिकटलेलं असलं की मुख्य नळी ओढली जाऊन बारीक नळीसारखी दिसते. तिलाच क्लिप बसली किंवा ती कापली गेली तर माणसाला कावीळ होते, पोटात पित्त साठतं, मोठं ऑपरेशन करून नळी पुन्हा आतड्याला जोडावी लागते आणि पुढं कित्येक वर्षं त्रास राहू शकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात ही इजा साधारण हजारात तीन ते पाच जणांना होते असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं आहे, काही अलीकडच्या पाहण्यांत त्याहून कमी. आकडा लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येते त्याचं घर हलतं.

म्हणून अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक नियम मांडला आणि तो आज सगळीकडं शिकवला जातो. नळीजवळची चरबी आणि पापुद्रे साफ करायचे, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, पिशवीत शिरणाऱ्या दोनच आणि फक्त दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्या तरच कात्री चालवायची. दिसत नसेल तर कापायचं नाही.

ही पद्धत तशी जुनी नाही. जर्मनीत एरिख म्युहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पहिली पिशवी काढली तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी त्यांची टर उडवली होती. भारतात हे ऑपरेशन पहिल्यांदा झालं ते १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्या हातून.

आत काय दिसतं त्याची प्रत

सोयाबीनची जशी ओलावा आणि माती बघून प्रत ठरते, तशी पिशवीच्या अवघडपणाचीही प्रत ठरवता येते. स्कॉटलंडमध्ये काम करणारे सर्जन अहमद नासर यांनी १९९५ मध्ये अशी मोजपट्टी दिली. सर्जन आत कॅमेरा घातल्यावर तीन गोष्टी बघतो: पिशवी स्वतः कशी आहे, नळी आणि धमनी किती साफ दिसते, आणि आजूबाजूचं किती चिकटलंय.

पहिल्या प्रतीत पिशवी पातळ, लुळी, मोकळी असते. नळी बारीक आणि उघडी दिसते. दुसऱ्या प्रतीत पिशवी खड्यांनी गच्च भरलेली किंवा चिकट पाण्यानं फुगलेली असते, नळीवर चरबी असते, थोडं चिकटलेलं असतं, पण ते सहज सुटतं. खरा फरक तिसऱ्या प्रतीपासून पडतो. इथं पिशवी लालबुंद सुजलेली असते, किंवा जुन्या दुखण्यानं आकसून यकृतात रुतलेली असते. तोंडाशी खडा घट्ट अडकलेला, नळी आखूड किंवा झाकलेली, आणि आतडं पिशवीला डकवल्यासारखं. चौथ्या प्रतीत पिशवी दिसतच नाही. आत पू झालेला असतो, भिंत काळी पडून सडलेली असते, किंवा सगळं मिळून एक गोळा झालेला असतो. नळी कुठं सुरू होते, कुठं संपते हे ओळखता येत नाही. पुढं या मोजपट्टीत पाचवी प्रतही धरली गेली. तिच्यात खड्यानं झिजवून पिशवी आणि मुख्य नळी, किंवा पिशवी आणि आतडं यांच्यात भोकच पडलेलं असतं.

या प्रतवारीचा रुग्णाला काय उपयोग, याचं उत्तर ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळतं. २०१४ मध्ये तिथल्या दीडशेहून जास्त दवाखान्यांतली पित्ताशयाची ऑपरेशनं एकत्र नोंदवली होती. त्यातल्या ८,८०० हून अधिक रुग्णांना ही मोजपट्टी लावून बघितली. पहिल्या प्रतीच्या रुग्णांत महिनाभरात काही ना काही गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ७.६ टक्के होतं. चौथ्या-पाचव्या प्रतीत ते २४.४ टक्के निघालं, म्हणजे जवळपास चौघांत एक. पहिल्या प्रतीतले निम्मे तरी रुग्ण त्याच दिवशी घरी गेले होते, चौथ्या-पाचव्या प्रतीत मुक्काम साधारण चार दिवसांवर गेला. पोट उघडावं लागणं, पुन्हा ऑपरेशन किंवा नळी टाकावी लागणं, हेही प्रतीबरोबर वाढत गेलं.

हे आकडे तिकडचे आहेत, आपल्या जिल्ह्यातले नाहीत. पण पिशवी सुजण्याची आणि चिकटण्याची रीत माणूस बदलला म्हणून बदलत नाही. एकाच गावातल्या दोघांनी एकाच डॉक्टरकडं ऑपरेशन केलं, एक दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी आला आणि दुसरा आठवडाभर ॲडमिट राहिला, याचा अर्थ बऱ्याचदा इथं सापडतो.

सोनोग्राफीच्या कागदावरचे शब्द

खरी प्रत आत गेल्यावरच कळते, पण अंदाज आधी बांधता येतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरी कुणी वाचत नाही, त्यामुळं काही शब्द ओळखून ठेवलेले बरे. ‘वॉल थिकनेस’ म्हणजे पिशवीच्या भिंतीची जाडी, ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड असेल तर सूज. ‘कॉन्ट्रॅक्टेड’ म्हणजे आकसलेली; मात्र उपाशीपोटी सोनोग्राफी केली नसेल तर चांगली पिशवीही आकसलेली दिसते, म्हणून चहा-बिस्कीट खाऊन जाऊ नये. ‘इम्पॅक्टेड ॲट नेक’ म्हणजे तोंडाशी खडा अडकलाय. ‘सीबीडी’ म्हणजे मुख्य पित्तनळी. ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, म्हाताऱ्या माणसात थोडी रुंद. रिपोर्टमध्ये ती फुगलेली लिहिली असेल तर खडा खाली घसरला असण्याची शंका येते, आणि आधी तो काढावा लागतो. त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून करायची ईआरसीपी ही तपासणी-उपचार बहुधा मोठ्या शहरातच मिळते.

याशिवाय वय जास्त, वजन जास्त, वरच्या पोटाचं आधी ऑपरेशन झालेलं, यापूर्वी सूज येऊन ॲडमिट राहिलेलं, या गोष्टी असतील तर काम अवघड जाण्याची शक्यता वाढते. पुरुष असणं हेही त्यात आहे. खडे बायकांत जास्त होतात, पण पुरुषांची पिशवी जास्त वेळा अवघड निघते. शुगरवाल्यांचा धोका आणखी वेगळा, त्यांना आत सडायला लागलं तरी दुखणं त्या मानानं कमी जाणवतं आणि ते उशिरा येतात.

यातलं दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर सर्जनला सरळ विचारावं: माझं अवघड जाईल का, पोट उघडावं लागलं तर इथं सोय आहे का, रक्ताची सोय आहे का, अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का. चांगला सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाही. तालुक्याला सोपी पिशवी काढणं आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीची पिशवी काढणं यात फरक आहे. ‘हे मोठ्या ठिकाणी न्या’ असं म्हणणारा डॉक्टर अंग काढून घेत नसतो.

पोट उघडणं म्हणजे फसलं असं नाही

संमतीपत्रावर सही घेताना ‘गरज पडल्यास ओपन’ असं लिहिलेलं असतं. सही करणारा घाईत असतो आणि सांगणाराही. त्याचा अर्थ असा की दुर्बिणीतून नळी ओळखता येत नसेल, रक्त थांबत नसेल, तर उजव्या बरगडीखाली छेद घेऊन हातानं काम पूर्ण करायचं. छेद मोठा, दुखणं जास्त, मुक्काम चार-सहा दिवसांचा, आणि जड काम महिना-दीड महिना बंद. तरीही चुकीची नळी कापण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

कधी सर्जन तिसरा मार्ग धरतो. पिशवी पूर्ण न काढता वरचा भाग कापतो, खडे काढतो, नळीजवळचा चिकटलेला तुकडा तसाच ठेवतो आणि पोटात ड्रेनची नळी सोडतो. काही दिवस ड्रेनमधून हिरवट पाणी येऊ शकतं. क्वचित राहिलेल्या तुकड्यात पुढं परत खडे होतात. पण मुख्य नळी वाचते. असं केलं असेल तर डिस्चार्ज कार्डवर ते स्पष्ट लिहून घ्यावं, कारण पाच वर्षांनी दुसरा डॉक्टर सोनोग्राफी करील तेव्हा ‘पिशवी काढली होती ना, मग हे काय’ असा प्रश्न पडतो.

ऊस गेल्यावर बघू

ऑपरेशन कधी करायचं हे गावात हंगाम बघून ठरतं. पेरणी झाली की, ऊस गेला की, पोरीचं लग्न उरकलं की. साध्या, थांबून थांबून येणाऱ्या कळेत काही आठवडे मागंपुढं चालतं. पण प्रत्येक सुजेच्या झटक्याला प्रत वाढत जाते, आणि हिशेब करताना ते धरलं जात नाही. आठवड्याचं काम वाचवायला गेलेला माणूस महिन्याचं काम घालवून बसतो.

कळ पाच-सहा तासांनीही थांबत नाही, ताप आलाय, उजवी बाजू हात लावू देत नाही, तर ती पिशवीची तीव्र सूज. यात आधी पद्धत अशी होती की अँटिबायोटिक देऊन थंड करायचं आणि सहा आठवड्यांनी ऑपरेशन. आता अभ्यासांवरून बहुतेक ठिकाणी असं मानतात की सर्जन आणि रुग्ण दोघांची तयारी असेल तर पहिल्या काही दिवसांत, शक्यतो ७२ तासांत आणि फार तर आठवड्याच्या आत, काढलेलं चांगलं. ताज्या सुजेत थर सुटे होतात, नंतर ते कडक होऊन बसतात. म्हणून घरी इंजेक्शनं घेत चार-पाच दिवस काढणं सगळ्यात महागात पडतं.

आणि कावीळ. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, संडास पांढुरकी, अंगाला खाज, त्यात थंडी वाजून ताप, हे दिसलं तर खडा मुख्य नळीत अडकल्याची शक्यता असते. कावीळ उतरवणाऱ्याकडं, माळ घालायला किंवा नाकात औषध टाकायला नेण्यात जे दोन दिवस जातात ते जिवावर बेतू शकतात. खडा खाली अडकून स्वादुपिंड सुजलं तर पोटातलं दुखणं पाठीत घुसतं आणि उलट्या थांबत नाहीत, तीही तातडीचीच गोष्ट.

घरी आल्यावर

पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात राहिलेल्या वायूमुळं, आपोआप जातो. काही जणांना सुरुवातीला पातळ संडास होते. पिशवी नसली तरी यकृत पित्त करतच राहतं, त्यामुळं जन्मभर तेल-तूप बंद करायचं कारण नाही, काही दिवस बेतानं खाल्लं की झालं. हलकं काम आठवड्यानं, पोतं उचलणं आणि पंप पाठीवर घेणं मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच.

सोपं झालेलं असो की अवघड, माणूस दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरा दिसायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतंय, पोट फुगतंय, ताप, उलट्या, डोळे पिवळे किंवा जखमेतून हिरवं पाणी येतंय, तर गोळी बदलत न बसता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं त्याच दिवशी जावं. पित्त गळत असेल तर पुष्कळदा ईआरसीपीनं नळीत स्टेंट टाकून भागतं. मुख्य नळीलाच इजा असेल तर ती दुरुस्ती यकृत आणि पित्तनळीच्या खास सर्जनकडूनच करून घ्यावी. पहिली दुरुस्ती नीट झाली तर माणूस सुटतो, बिघडली तर दुसरी त्याहून अवघड असते.

एक त्रास उशिरा येतो आणि फसवतो. जखमा भरून तीन-चार आठवडे झाल्यावर एखाद्या छिद्राजवळ गाठ येते, पाणी वाहायला लागतं, नेहमीच्या अँटिबायोटिकनं थांबत नाही. हत्यारं नीट निर्जंतुक झाली नसतील तर टीबीच्या जंतूंच्या जातकुळीतले पण वेगळे जंतू छिद्रात शिरतात, आणि त्यांना काही महिन्यांची वेगळी औषधं लागतात. दर आठवड्याला मलमपट्टी करत बसण्यापेक्षा त्या पाण्याची तपासणी करून मागावी.

काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का हेही विचारावं आणि रिपोर्ट आणावा. क्वचित तिच्यात कॅन्सर निघतो, आणि तो कागद लॅबमध्येच पडून राहिला तर कुणालाच कळत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतं का, हे ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारावं, किंवा १५५३८८ या नंबरवर. घरी निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोंद, म्हणजे ‘ऑपरेटिव्ह नोट’, मागून घ्यावी. पिशवी कशी होती, किती चिकटलेली होती, पूर्ण काढली की अर्धी, ड्रेन ठेवला का, हे त्यात असतं. सोनोग्राफीच्या कागदाबरोबर ती एकाच पिशवीत ठेवावी आणि मोबाईलमध्ये फोटो काढून घ्यावा, कारण पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवलेले कागद टिकत नाहीत.